विमान मंडळ मोडणारे उदारमतवादी

१९३८ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने टेक्सासमधल्या ह्यूस्टन–सॅन अँटोनिओ मार्गावर विमानाने टपाल नेण्यासाठी निविदा मागवल्या. ब्रॅनिफ कंपनीने मैलामागे एका सेंटच्या पाचशेव्या हिश्श्याहूनही कमी दर भरला. पहिल्या महायुद्धात नाव कमावलेले वैमानिक एडी रिकेनबॅकर यांच्या ईस्टर्न एअरलाइन्सने त्यावर कडी केली आणि दर भरला शून्य. टपाल फुकट नेऊ, पण मार्ग आम्हाला द्या. मार्ग हाती आला की प्रवासी मिळतील आणि पुढची कंत्राटंही चालत येतील, असा त्यामागचा हिशेब होता.

मंदीत पोळलेल्या माणसांना या चतुराईत धोका दिसला. कंपन्या अशा एकमेकींच्या उरावर बसल्या तर इंजिनांची देखभाल कोण करणार? आणि शेवटी जी एकटी उरेल ती लोकांना लुबाडणार नाही कशावरून? त्याच वर्षीच्या जूनमध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी नागरी विमान वाहतुकीच्या कायद्यावर सही केली. त्यातून उभ्या राहिलेल्या पाच सदस्यांच्या मंडळाला १९४० पासून सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड म्हणू लागले. कोणत्या कंपनीने कुठून कुठे उडायचं आणि भाडं किती घ्यायचं, हे आता मंडळ ठरवणार होतं. आधीपासून उडत असलेल्या १६ कंपन्यांना त्यांचे मार्ग वहिवाटीच्या हक्काने मिळाले.

४६ वर्षांनी हे मंडळ मोडीत निघालं. सरकारी नियंत्रणं उठवली की त्यामागे रोनाल्ड रेगन किंवा मार्गारेट थॅचर असणार, असं आपण धरून चालतो. इथे तसं नव्हतं. मंडळ मोडण्याची मोहीम चालवली सेनेटर एडवर्ड केनेडी यांनी. तिची आखणी केली स्टीफन ब्रायर यांनी, जे पुढे सर्वोच्च न्यायालयात उदारमतवादी न्यायमूर्ती म्हणून ओळखले गेले. ग्राहक चळवळीचे अध्वर्यू राल्फ नेडर तिच्या बाजूने उभे राहिले आणि कायद्यावर सही केली जिमी कार्टर यांनी. म्हणजे हे भांडण घरातलंच होतं. रूझवेल्टच्या पिढीने बांधलेली वास्तू त्यांच्याच वैचारिक वारसांनी पाडली.

ती बांधणाऱ्यांचा विश्वास काय होता, हे जेम्स लँडिस यांच्याइतकं स्पष्ट कुणी मांडलं नाही. मिशनरी आईवडिलांच्या पोटी टोकियोत जन्मलेले लँडिस हार्वर्डमध्ये कायदा शिकवत. १९३३ चा रोखेविषयक कायदा लिहिणाऱ्या तिघांपैकी ते एक. पुढे रोखे बाजारावर देखरेख करणाऱ्या आयोगाचे ते अध्यक्ष झाले आणि त्यानंतर हार्वर्डच्या विधी विद्यालयाचे अधिष्ठाता. १९३८ मध्येच त्यांचं ‘द अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेस’ हे छोटं पुस्तक आलं. न्यायालय तक्रार दारात येईपर्यंत हलत नाही. लोकप्रतिनिधींकडे वेळ नसतो आणि विषयाची जाणही नसते. तेव्हा आधुनिक उद्योगावर रोजची नजर ठेवायला त्यातले जाणकार नेमावेत, त्यांना भरपूर अधिकार द्यावेत आणि काम करू द्यावं, हे त्यांचं म्हणणं. माणसं चांगली असली की मंडळ चांगलं चालेल, हे त्यात गृहीतच होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर लँडिस स्वतः या विमान मंडळाचे अध्यक्ष झाले. वर्ष-दीड वर्षात ट्रूमन यांनी त्यांची मुदत वाढवायला नकार दिला. पुढे डिसेंबर १९६० मध्ये, निवडून आलेल्या पण अजून शपथ न घेतलेल्या जॉन केनेडींसाठी त्यांनी सर्व नियामक मंडळांवर एक अहवाल लिहिला. आपल्याच पोराचं प्रगतिपुस्तक बापाने लिहावं, तसा तो अहवाल आहे. नैसर्गिक वायूच्या दरांची प्रकरणं हाताळणाऱ्या आयोगाकडे एवढी थकबाकी साठली होती की, आहे त्या मनुष्यबळात ती निपटायला १३ वर्षं लागतील. नवी येऊ घातलेली प्रकरणं धरली, तर कर्मचारी तिप्पट करूनही काम २०४३ सालापर्यंत मार्गी लागणार नाही. लँडिस यांनी हे आकडे पुढे ठेवले, पण मंडळं मोडा असं काही म्हटलं नाही. चांगली माणसं नेमा, अध्यक्षाच्या हाती कारभार द्या, राष्ट्राध्यक्षांनी लक्ष घाला, असा त्यांचा सल्ला. त्यातला थोडाच मानला गेला. पुढे खुद्द लँडिस यांनीच पाच वर्षांची प्राप्तिकराची विवरणपत्रं भरली नसल्याचं उघड झालं. त्यांना ३० दिवसांची शिक्षा झाली आणि १९६४ मध्ये ते घरच्याच पोहण्याच्या तलावात बुडून गेले. नव्या व्यवस्थेचे निम्मे नियम ज्याच्या लेखणीतून उतरले, त्याला स्वतःचे कागद वेळेत देणं जमलं नाही, हा दैवदुर्विलासच.

आता त्या मंडळाचा रोजचा कारभार पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. भाडं मंडळ ठरवणार, त्यामुळे कंपन्यांना एकमेकींपेक्षा स्वस्त होता येईना. मग स्पर्धा वेगळ्या वाटेने वाहू लागली. जेवण चांगलं द्यायचं, फेऱ्या वाढवायच्या, विमानात बैठकीची दालनं करायची. अमेरिकन एअरलाइन्सने जंबो विमानाच्या स्वस्त वर्गातल्या दालनात चक्क पियानो ठेवला होता. या थाटामुळे खर्च वाढे. फेऱ्या वाढल्यामुळे विमानं अर्धी रिकामी उडत. मग कंपन्या खर्चाचे तक्ते घेऊन भाडेवाढ मागायला मंडळाकडे जात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मंडळाने दीर्घ चौकशी करून ५५ टक्के आसनं भरली आहेत असं धरून भाडं काढायचं सूत्र ठरवलं. थोडक्यात, बसलेल्या प्रवाशाने शेजारच्या रिकाम्या खुर्चीचे पैसेही द्यायचे.

या व्यवस्थेत नव्या माणसाला दार बंद होतं. १९५० ते १९७४ या काळात देशांतर्गत नियमित सेवा सुरू करण्यासाठी मंडळाकडे ७९ अर्ज आले. मंजूर झाला नाही एकही. जुन्या १६ कंपन्यांच्या विलीनीकरणातून १० उरल्या, अकरावी आत आली नाही. वर्ल्ड एअरवेज या कंपनीने १९६७ मध्ये न्यूयॉर्क–लॉस एंजेलिस मार्गावर स्वस्त सेवेची परवानगी मागितली. मंडळाने सहा वर्षांहून अधिक काळ विचार केला आणि मग, अर्जातली माहिती आता शिळी झाली, या कारणावरून तो निकालात काढला. आत असलेल्यांचेही हाल काही कमी नव्हते. काँटिनेंटलला सॅन डिएगो–डेन्व्हर मार्ग मिळायला आठ वर्षं लागली, आणि तोही मिळाला न्यायालयाच्या आदेशानंतर. परमिट राज आपली खासियत, असं मानणाऱ्या मराठी वाचकाला हे वाचून थोडं बरं वाटायला हरकत नाही.

मंडळाचा अंमल राज्यांच्या सीमा ओलांडणाऱ्या विमानांवरच चाले. ही फट महत्त्वाची ठरली. कॅलिफोर्नियाच्या पोटातल्या पोटात उडणारी पीएसए आणि टेक्सासमध्ये जून १९७१ पासून उडू लागलेली साउथवेस्ट या दोन कंपन्या मंडळाच्या कक्षेबाहेर होत्या. साउथवेस्टला रोखण्यासाठी ब्रॅनिफसकट जुन्या कंपन्यांनी चार वर्षं कोर्टकचेऱ्या केल्या, तो भाग वेगळा. मायकल लेव्हिन या येल विद्यापीठातल्या तरुणाने १९६५ मध्येच लेख लिहून कॅलिफोर्नियातली स्वस्ताई दाखवून दिली होती. अर्थशास्त्रज्ञांनी माना डोलावल्या. राजकारणात कुणी ढुंकून पाहिलं नाही.

पाहिलं ते नेडर यांच्या माणसांनी. मोटारींच्या सुरक्षेवरून जनरल मोटर्सला घाम फोडणाऱ्या नेडर यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थ्यांच्या फौजा वॉशिंग्टनमधल्या नियामक मंडळांत घुसवल्या होत्या. ज्यांच्यावर अंकुश ठेवायचा त्याच उद्योगांच्या मांडीवर ही मंडळं बसली आहेत, हा त्यांचा निष्कर्ष होता. १९७३ मध्ये नेडर आणि मार्क ग्रीन यांनी येलच्या विधिविषयक नियतकालिकात लिहिलं की, अशा ठिकाणी सरकारच मक्तेदारीचा पहारेकरी झालं आहे. लँडिस यांना मंडळं संथ वाटत होती, नेडर यांना ती फितूर वाटत होती. संथ माणसाला हाकता येतं. फितूर माणसाचं काय करायचं, याचं उत्तर एकच निघतं. आणि एकदा ते निघालं की, सरकारी माणूस चांगलं काम करू शकतो हा जुना भरवसाही त्याबरोबर जातो. हे त्या वेळी फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही.

१९७४ मध्ये हार्वर्डचे ३६ वर्षांचे प्राध्यापक ब्रायर रजा घेऊन एडवर्ड केनेडींच्या सेनेट उपसमितीत आले. महागाईचा आगडोंब होता. केनेडींना ग्राहकाच्या खिशाशी भिडणारा विषय हवा होता. ब्रायर यांनी विमानभाडी निवडली आणि फेब्रुवारी १९७५ पासूनच्या सुनावण्या एखाद्या नाटकाच्या प्रवेशांसारख्या बांधल्या. लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को, ३३८ मैल, भाडं १८.७५ डॉलर. बॉस्टन ते वॉशिंग्टन, ३९९ मैल, भाडं ४१.६७ डॉलर. असं का? कॅलिफोर्नियात हवा चांगली, गर्दी जास्त, अशी उत्तरं मंडळाच्या बाजूने आली. ब्रायर यांच्याकडे प्रत्येक उत्तराला आकडे तयार होते. शेवटी उरलं एवढंच की, पीएसए विमानात जास्त आसनं बसवते, ती भरते आणि थाट करत नाही.

या काळातला एक किस्सा ब्रायर पुढे अनेकदा सांगत. केनेडींच्या मतदारसंघातल्या एकाने त्यांना विचारलं, विमानांवर कसल्या सुनावण्या घेताय, मी तर आयुष्यात विमानात बसू शकलेलो नाही. केनेडी म्हणाले, म्हणूनच घेतोय.

विरोधक कोण होते? बहुतेक सगळ्या विमान कंपन्या. पण केनेडींना जड गेला असणार तो कामगार संघटनांचा विरोध. वैमानिक, यांत्रिक, टीमस्टर्स (वाहतूक कामगार) यांच्या संघटना विरोधात होत्या, आणि कामगार संघटना म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचा कणा. ठरावीक भाड्यांच्या जगात पगारवाढीचा भार प्रवाशांवर टाकता येत होता. स्पर्धा आली की तो आमच्या पाठीवर येणार, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. लहान शहरांचे प्रतिनिधीही धास्तावले होते. तोट्यातल्या मार्गाची झळ फायद्यातल्या मार्गाने सोसायची ही जुनी सोय गेली, तर आमच्या गावाला विमान येणार कशाला? यावर केनेडींच्या गोटाने एक रेघ ओढली. भाडं आणि मार्ग यांचं नियमन वेगळं, सुरक्षेचं आणि प्रदूषणाचं वेगळं. पहिलं जाऊ दे, दुसरं राहील, किंबहुना वाढेल. विमानांच्या सुरक्षेचं खातं वेगळं होतंच, त्याला हात लागणार नव्हता. ही रेघ मला आजही बरोबर वाटते. कामगारांच्या प्रश्नाला मात्र त्यात उत्तर नव्हतं.

जून १९७७ मध्ये कार्टर यांनी मंडळाच्या अध्यक्षपदी आल्फ्रेड कान यांना बसवलं. कॉर्नेलचे अर्थशास्त्रज्ञ, नियमनाच्या अर्थशास्त्रावर दोन खंड लिहिलेले आणि स्वतःला पक्का उदारमतवादी डेमोक्रॅट म्हणवणारे. आल्या आल्या त्यांनी कर्मचाऱ्यांना परिपत्रक काढलं की, साध्या माणसाला कळेल अशा भाषेत लिहा. जे साध्या शब्दांत सांगता येत नाही ते करण्यातच बहुधा काही चुकतंय, असं त्यांचं मत. मंडळासमोर येणारे प्रश्न पाहून ते थक्क होत. फ्लोरिडातले घोडे उत्तरेला न्यायला अमुक प्रकारच्या विमान कंपनीला परवानगी द्यावी का? बर्फ पडलं नाही तर स्कीइंगला निघालेल्यांचे पैसे परत करण्याची सवलत चालेल का? लागेबांधे असलेल्या दोन कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी सारखे गणवेश घालावेत का? माझ्या आईने मला यासाठी वाढवलं का, असं ते जाहीरपणे विचारत.

कान यांनी कायद्याची वाट पाहिली नाही. सवलतीच्या भाड्यांना भराभर मान्यता दिली, नवे मार्ग उघडले. आणि झालं असं की भाडी उतरली, विमानं भरली आणि कंपन्यांचा नफा वाढला. मंडळाने वाढू न दिलेली सगळ्यांत मोठी कंपनी युनायटेड आधीच फुटून सुधारणावाद्यांना मिळाली होती, बाकीच्यांच्या विरोधातली हवाही आता गेली. नेडर यांच्या संघटना आणि कारखानदारांची संघटना एकाच बाजूला उभ्या आहेत, हे दृश्य वॉशिंग्टनने पाहिलं. एप्रिल १९७८ मध्ये सेनेटने ८३ विरुद्ध ९ मतांनी विधेयक मंजूर केलं, २४ ऑक्टोबरला कार्टर यांची सही झाली. वापरात नसलेले मार्ग आधी येईल त्याला मिळणार होते, म्हणून कंपन्यांचे प्रतिनिधी मंडळाच्या कचेरीबाहेर फुटपाथवर रांग लावून मुक्काम ठोकून बसले. शून्य अर्ज मंजूर करणाऱ्या कचेरीबाहेर ही रांग!

कान लगेच महागाई आवरण्याच्या कामावर गेले. तिथे त्यांनी ‘मंदी’ हा शब्द उच्चारला म्हणून व्हाइट हाउसने कान उपटले, तेव्हा त्यांनी त्याऐवजी ‘केळं’ म्हणायला सुरुवात केली. असा माणूस सरकारी पदावर पुन्हा क्वचितच दिसला.

कायद्याने ठरवलेल्या तारखा तंतोतंत पाळल्या गेल्या. १९८१ अखेर मार्गांवरचं नियंत्रण संपलं, १९८३ पासून भाड्यांवरचं, आणि १ जानेवारी १९८५ रोजी मंडळच संपलं. महागाई वजा करून पाहिली तर विमानभाडं त्यानंतरच्या दशकांत जवळपास निम्म्यावर आलं. कधीच न बसलेला माणूस विमानात बसला. केनेडींचा शब्द खरा झाला, यात वाद नको.

पण त्याच कायद्यात सरकारने काही करायचं होतं, अशीही कलमं होती. कायद्यामुळे नोकरी गेलेल्या विमान कर्मचाऱ्यांना भरपाई आणि दुसऱ्या कंपनीत प्राधान्याने नोकरी देण्याचं वचन त्यात होतं. संघटनांना शांत करणारं कलम ते हेच. १९८२ मध्ये ब्रॅनिफ बुडाली. १९८३ मध्ये फ्रँक लोरेंझो यांनी काँटिनेंटलला दिवाळखोरीत नेऊन संघटनांशी केलेले करार रद्द केले. प्राधान्याच्या नोकरीचे अंतिम नियम यायला १९८५ उजाडलं, त्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला चालला, आणि भरपाईसाठी काँग्रेसने पैसेच मंजूर केले नाहीत. विलीनीकरणांवर नजर ठेवायची होती. ते काम वाहतूक खात्याकडे आलं आणि १९८६ मध्ये न्याय खात्याचा विरोध असतानाही त्याने नॉर्थवेस्ट–रिपब्लिक आणि टीडब्ल्यूए–ओझार्क ही विलीनीकरणं मान्य केली. मिनियापोलिस आणि सेंट लुईस ही शहरं जवळपास एकेका कंपनीच्या हाती गेली. मक्तेदारीविरोधी कायदा राबवलाच नाही, स्पर्धा आपोआप टिकते असं कुणी सांगितलं होतं, असा कान यांचा संताप पुढे अनेक वर्षं चालू होता. लहान गावांच्या विमानसेवेचं अनुदान तेवढं नीट चाललं. ते दहा वर्षांपुरतं होतं, पण प्रत्येक गावामागे एक सेनेटर असल्यामुळे आजही चालू आहे.

म्हणून त्या पिढीबद्दल माझं मत दुहेरी आहे. सरकारने हात काढून घ्यायचा होता तिथे तिने अप्रतिम काम केलं. सरकारने हात घालायचा होता तिथे तिचं लक्ष राहिलं नाही. आणि ज्या दशकात हे मंडळ मोडण्याचा कायदा झाला, त्याच दशकात त्याच पिढीने सरकारच्या कामांवर नव्या अटी घातल्या. १ जानेवारी १९७० रोजी सही झालेल्या पर्यावरण कायद्याने सरकारी प्रकल्पांना परिणामांचा अहवाल बंधनकारक केला. नागरिकांना त्यावर कोर्टात जाता येऊ लागलं. ते गरजेचं होतं. पण खासगी कंपनीला मोकळं करणारा आणि सरकारी अभियंत्याला बांधून ठेवणारा, असा दुहेरी वारसा त्यातून पुढच्या उदारमतवाद्यांच्या पदरात पडला.

आज त्यावरूनच त्यांच्यात जुंपली आहे. एझ्रा क्लाइन आणि डेरेक थॉम्पसन यांचं ‘अबंडन्स’ आणि मार्क डंकलमन यांचं ‘व्हाय नथिंग वर्क्स’ ही २०२५ मधली पुस्तकं सांगतात की, सरकारच्या पायातल्या बेड्या आपणच घडवल्या, आता घरं आणि रेल्वे बांधायची तर त्या तोडा. झेफिर टीचाउट यांच्यासारखे टीकाकार म्हणतात, खरी अडचण नियमांची नाही, बड्या कंपन्यांच्या ताकदीची आहे. गणेश सीतारामन यांनी तर २०२३ च्या पुस्तकात विमान कंपन्यांवर पुन्हा नियमन आणण्याची बाजू मांडली. चार मोठ्या कंपन्यांकडे देशांतर्गत बाजाराचा सुमारे ८० टक्के वाटा असताना ही मागणी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मात्र ७९ अर्जांची आठवण ठेवूनच ती करायला हवी.

जानेवारी २०२४ मध्ये बायडेन सरकारच्या न्याय खात्याने जेटब्लू आणि स्पिरिट या कंपन्यांचं विलीनीकरण न्यायालयात रोखलं. कान ज्या कारवाईसाठी ओरडत होते ती अखेर झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये स्पिरिटने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दुसऱ्यांदा.